संत्रा बर्फीच्या दुकानाची वेबसाइट अंध ग्राहकांना वापरता येईल का? (डिव्हचा मेनू, आपोआप वाजणारा यूट्यूब व्हिडिओ)

भाऊ, आत्ता आहे तशी नाही. मुख्य अडचण मेनूची. डिव्ह म्हणजे एचटीएमएलमधला नुसता डबा; त्याला ऑनक्लिक (क्लिक केल्यावर चालणारा कोड) लावलं की माऊसवाल्याचं काम भागतं, पण टॅब दाबत येणारा माणूस त्यावर थांबतच नाही आणि स्क्रीन रीडरला (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) ते बटण आहे हेच कळत नाही. डिव्ह काढून सरळ बटण टॅग टाका. फोकस, एंटर, स्पेस सगळं फुकटात मिळतं. स्क्रिप्टमधून फक्त एरिया-एक्स्पांडेड (aria-expanded, मेनू उघडा की बंद हे सांगणारं) ट्रू-फॉल्स बदलत राहा.

व्हिडिओचा ऑटोप्ले बंदच करा. डब्ल्यूसीएजीनुसार (वेबसाइट अपंगांनाही वापरता यावी यासाठीचे नियम) ३ सेकंदांपेक्षा जास्त आपोआप वाजणारा आवाज थांबवायची किंवा कमी करायची सोय लागते, कारण त्या आवाजात स्क्रीन रीडर ऐकूच येत नाही. व्हिडिओ ज्यात बसवलाय त्या आयफ्रेमला टायटल द्या: 'संत्रा बर्फी कशी बनते'. कॅप्शन मात्र स्वतः टाइप करा. तुमच्या कारागिराची वऱ्हाडी मशीनच्या भरवशावर सोडू नका!

एचटीएमएल टॅगमध्ये लँग (मजकुराची भाषा) 'एमआर' म्हणजे मराठी आहे ना? तिथं 'ईएन' म्हणजे इंग्रजी राहिलं, तर मराठी मजकुराला इंग्रजी आवाज लागू शकतो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, विंडोजवर टाका, मॉनिटर बंद करा आणि अर्धा किलो बर्फीची ऑर्डर देऊन बघा.