सुजवटी म्हणावं की क्वाशिओरकोर?

एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय : ‘कुपोषणामुळे लहान मुलं सुजतात त्या आजाराला, म्हणजे क्वाशिओरकोरला, मराठीत सुजवटी म्हणतात असं वाचलं, पण हा शब्द ओढूनताणून बनवल्यासारखा वाटतो. मूळ शब्दाचा अर्थ काय? आणि आमच्याकडे म्हातारी माणसं मुडदूस म्हणतात, तो हाच का?’

मुडदुसाचं आधी सांगून टाकते. तो हा नव्हे. ड जीवनसत्त्व कमी पडून हाडं मऊ होतात, पाय वाकतात, तो मुडदूस. बोलताना मात्र कुठल्याही खंगलेल्या, किरकिऱ्या पोराला ‘मुडदूस झालाय’ म्हणायची सवय आहे, म्हणून हा घोळ.

आता मूळ शब्द. क्वाशिओरकोर हा आफ्रिकेतल्या घाना देशातला, अक्रा शहराच्या आसपास बोलल्या जाणाऱ्या गा भाषेतला शब्द. घाना तेव्हा गोल्ड कोस्ट नावाची ब्रिटिश वसाहत होती. तिथे काम करणाऱ्या डॉक्टर सिसिली विल्यम्स यांच्याकडे एक ते चार वर्षांची मुलं यायची. हातपाय सुजलेले, केस तांबूस आणि विरळ, कातडीचे पापुद्रे निघालेले. अंगावरचं दूध सुटल्यावर मक्याच्या पेजेवर वाढलेली ही मुलं. 1933 साली त्यांनी या आजाराचं वर्णन छापलं, तेव्हा हा तर पेलाग्राच (ब-3 जीवनसत्त्व कमी पडून होणारा आजार) आहे असा आक्षेप घेतला गेला. 1935 च्या लेखात त्यांनी तिथल्याच लोकांचा शब्द वापरला, आणि तोच जगभर रुळला.

त्या शब्दाचा अर्थ असा : पाठचं भावंड आलं की आधीच्या बाळाला होणारा आजार. सूज, केस, कातडी यांतलं काहीच त्या नावात नाही. आईच्या मांडीवरून कोण उठलं, एवढंच आहे. गा बोलणाऱ्या बायांनी आजाराचं कारण घरातच पाहिलं होतं आणि तेच त्याचं नाव झालं. मला हा शब्द फार मोठा वाटतो.

आपल्याकडेही ही नजर होती. माधवनिदान या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात बालरोगांमध्ये ‘पारिगर्भिक’ नावाचा रोग आहे. गर्भार आईचं दूध पिणाऱ्या मुलाला खोकला, मंदाग्नी, वांती, झापड, कृशता, अरुची होते आणि पोट मोठं होतं, असं त्याचं वर्णन. त्याचं दुसरं नाव दिलंय ‘परिभव’. परिभव म्हणजे पराभव, अवमान! पायांच्या सुजेचा उल्लेख त्यात नाही, त्यामुळे दोन्ही आजार एकच असं मी म्हणणार नाही. पण हरलेलं, बाजूला सारलं गेलेलं मूल दोन्ही नावांत दिसतं. गर्भारपणात आईचं दूध नासतं, हा अर्थ मात्र यातून काढू नका. दूध नासत नाही. दुधाच्या जागी बाळाच्या ताटलीत काय येतं, यावर सगळं ठरतं.

मग सुजवटी? तो ओढूनताणून केलेला आहे असं मला वाटत नाही. कडवट, ओलवट, तशी सुजवट, आणि तिला जोडीला सुकटी. अंगावरचं मांस झडून बाळ हाडाकातड्याचं होतं तो मरास्मस, म्हणजे सुकटी. मरास्मस या ग्रीक शब्दाचा अर्थही झिजणं, सुकणं असाच. सुकणारं बाळ आणि सुजणारं बाळ : कानाला लगेच पटणारी जोडी आहे.

आणि सुजवटी शब्दाचं खरं काम वेगळंच आहे. सुजलेलं बाळ लांबून गुटगुटीत दिसतं. गाल भरलेले, मनगटं गोल. आजी कौतुकानं म्हणते, ‘बाळसं धरलंय हो!’ अंगणवाडीताई मात्र बाळाचं पाऊल हातात घेते, वरच्या बाजूला अंगठा तीन सेकंद दाबून धरते आणि उचलते. कातडीत खळगा तसाच राहतो. दुसऱ्या पावलावरही तसाच. दोन्ही पावलांवर असा खळगा राहिला की वजन किती आणि दंडघेर किती हे न बघता ते मूल तीव्र कुपोषित धरतात. (एरवी दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की तीव्र.) अशा वेळी आजीला ‘क्वाशिओरकोर’ सांगून काय उपयोग? ‘आजी, हे बाळसं नाही, सुजवटी आहे’ म्हटलं की ती स्वतः अंगठा दाबून बघते.

कुणी ‘प्रथिनन्यूनता रोग’ असा शब्द सुचवतात. तो मला नको वाटतो, आणि केवळ बोजड म्हणून नव्हे. हैदराबादच्या, आता राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात त्या संस्थेत डॉ. सी. गोपालन यांनी 1960 च्या दशकात पाहिलं, की सुजणाऱ्या आणि सुकणाऱ्या मुलांच्या आहारातल्या प्रथिनांत तसा फरक सापडत नाही. तेच अन्न, एक मूल सुकतं, दुसरं सुजतं. का, यावर अजून अभ्यास चालू आहे. असं असताना कारण नावातच कोंबायची घाई कशाला? सुजवटी निदान डोळ्यांना दिसतं तेवढंच सांगते.

तेव्हा बाई, वर्गात दोन्ही शब्द द्या, पण फळ्यावर सुजवटी आधी लिहा. तो क्वाशिओरकोर, ती सुजवटी. क्वाशिओरकोरचा गा भाषेतला अर्थ मुलांना जरूर सांगा. पाठचं भावंड असलेली पोरं वर्गात असतातच, त्यांना तो लगेच कळेल.