वाचकांचे प्रश्न : ट्रॅक सॉ घ्यायचा का, घ्यायचा तर कुठला?

या वेळी ट्रॅक सॉबद्दल इतकी पत्रं आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत, पॉलिशवाल्यांनी जरा दम धरा. ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी एका ओळीत: अल्युमिनियमची लांब सरळ पट्टी (हिलाच रेल म्हणतात) प्लायवर ठेवायची, तिच्यावरून गोल ब्लेडचं मशीन सरकवायचं, म्हणजे कड सरळ येते. आता पत्रं.

प्रश्न (नाशिक): दादा नमस्कार. मी नोकरी करून सुट्टीच्या दिवशी सुतारकाम करतो, बंगल्याच्या मागे 10 बाय 12 ची शेड आहे. दोन वॉर्डरोब आणि किचनचे बॉक्स घरीच करायचे ठरवलेत. आत्ता मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून कापतो, पण आठ फुटात दोन-तीन सूत इकडेतिकडे होतंच. टेबल सॉ घेऊ की ट्रॅक सॉ? आणि मकिता, बॉश, डिवॉल्ट यातला कुठला? व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलंय.

उत्तर: आधी ते मार्बल कटरचं बोलू, कारण आपल्याकडे दहातले आठ जण तेच करतात आणि कुणी काही बोलत नाही. मार्बल कटर मिनिटाला 12-13 हजार फेऱ्या (आरपीएम) मारतो, ते मशीन दगडाच्या डायमंड ब्लेडसाठी बनवलेलं आहे. तुमच्या लाकडाच्या ब्लेडवर किती आरपीएमपर्यंत चालेल ते छापलेलं असतं, घरी जाऊन पहिलं ते वाचा, आकडा कमी असेल तर ब्लेड आजच काढून ठेवा. शिवाय त्याला लाकूडकामाचं धड गार्ड नाही, काप मिटला तर ब्लेड अडकून मशीन मागे उडी मारतं आणि मागे आपण असतो. सुतार लोक वर्षानुवर्षं वापरतात हे खरं, त्यांच्यातल्या किती जणांची बोटं पूर्ण आहेत तेही एकदा बघा.

आता टेबल सॉ, म्हणजे ब्लेड टेबलातून वर आलेलं असतं आणि शीट त्यावर ढकलायची. तुमची शेड 10 बाय 12. प्लायची शीट 8 बाय 4, म्हणजे 2440 बाय 1220 मिमी. टेबल सॉवर ती उभी फाडायची तर ब्लेडच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट मोकळं लागतं, म्हणजे सोळा फूट तर नुसती शीटच खाते, तुम्ही कुठे उभे राहणार? आणि 19 मिमीची शीट 35-40 किलोच्या घरात जाते, एकट्याने ती फेन्सला (ब्लेडशेजारची सरळ आडपट्टी) चिकटवून ढकलत न्यायची, लहान टेबल सॉ तर शीटच्या वजनाने स्वतःच हलायला लागतो. ट्रॅक सॉमध्ये शीट जमिनीवर पडून राहते, फिरतो तो 4-5 किलोचा सॉ. तुमच्या जागेत, तुमच्या कामाला, मी तरी दुसरा विचार करणार नाही.

पण एक सांगतो. लोक मशीनचे वॅट मोजत बसतात आणि रेल दुकानदार देईल ती घेतात. हे उलटं आहे. मकिताचा वायरवाला एसपी6000 1300 वॅटचा, बॉशचा जीकेटी 55 1400 वॅटचा, दोन्हीला 165 मिमीचं ब्लेड, दोन्ही 56-57 मिमी खोल जातात, 19 च्या प्लायवर दोघांत काडीचा फरक कळणार नाही. फरक आहे तो रेलमध्ये. मकिताचा सॉ फेस्टूल या जर्मन कंपनीच्या रेलवर चालतो, फेस्टूलचा मकिताच्या रेलवर, आणि याच खाचेच्या रेल इतर कंपन्याही बनवतात. बॉशच्या रेलची घडण वेगळी, ती माफेल या जर्मन कंपनीशी जुळते, डिवॉल्टची तर त्याहून वेगळी. म्हणजे आज जी रेल घ्याल त्या घराण्यात तुम्ही अडकणार, पुढे लांब रेल, क्लॅम्प, जोडपट्टी, राउटर (खाचा पाडायचं मशीन) सरकवायचं अॅडॅप्टर सगळं त्याच खाचेचं लागेल. म्हणून तुमच्या गावात कुठल्या कंपनीची रेल आणि तिच्या कडेची रबरपट्टी सहज मिळते, सर्व्हिस सेंटर कुठे आहे हे आधी विचारा आणि मग सॉ निवडा. मला स्वतःला मकिता-फेस्टूलवालं घराणं बरं वाटतं, मोठं आहे म्हणून, पण नाशकात बॉशचं सर्व्हिस सेंटर तुमच्या घराजवळ असेल तर बॉश घ्या, मी भांडणार नाही.

रेल किती लांब घ्यायची? इथेच सगळे फसतात. सॉसोबत बहुतेक वेळा 1400 मिमीची रेल येते नाहीतर वेगळी घ्यावी लागते (पॅकिंगमध्ये रेल आहे की नुसता सॉ आहे हे बिल फाडायच्या आधी विचारा, नंतर नाही). 1400 मध्ये शीट आडवी कापता येते, 1220 रुंद असल्यामुळे. उभी 2440 कापायला दोनच वाटा, एक 3000 ची अखंड रेल, नाहीतर दोन 1400 जोडून 2800. अखंड रेल केव्हाही चांगली पण दहा फुटांची पट्टी ना रिक्षात मावते ना लिफ्टमध्ये, ठेवायला भिंत पाहिजे आणि वाकली की भंगार. तुमच्या शेडमध्ये बारा फुटी भिंत आहे त्यामुळे तुम्हाला जमेल, फ्लॅटवाल्यांनी दोन 1400 घ्याव्यात. जोडताना जोडपट्टीचे स्क्रू लगेच आवळू नका, आधी सहा फुटी अल्युमिनियमची पाटी किंवा लांब लेव्हल दोन्ही रेलच्या कडेला टेकवायची, उजेडात फट दिसते का बघायची, मग आवळायचं आणि आवळल्यावर परत बघायचं, कारण स्क्रू फिरताना रेल केसभर सरकते आणि आठ फुटात तो केस चांगला दीड मिमी होतो. 2800 पैकी 2440 शीट खाणार, उरलेले 360 दोन्ही टोकांना अर्धे अर्धे बाहेर ठेवा म्हणजे सॉ शीटवर चढायच्या आधीच रेलवर नीट बसलेला असतो.

पहिला काप फार महत्त्वाचा. नव्या रेलच्या कडेला जी काळी रबराची पट्टी असते ती मुद्दाम जास्त रुंद असते, पहिल्या फेरीत सॉ स्वतःच ती कापून घेतो आणि त्यानंतर ती कड म्हणजेच तुमची कापायची रेघ. म्हणून त्या फेरीआधी सॉच्या बुडाला रेलशी घट्ट करणारे जे दोन नॉब असतात ते नीट लावा, हलायला नको आणि जाम व्हायलाही नको, आणि जे ब्लेड कायम वापरणार तेच लावा. नंतर वेगळ्या जाडीचं ब्लेड लावलं तर ती कड जुळत नाही.

शीट जमिनीवर दोन इंची थर्माकोलच्या किंवा इन्सुलेशनच्या निळ्या-गुलाबी फोमच्या शीटवर टाका, ब्लेड खाली त्यात जरासं जाऊ दे. खोली प्लायपेक्षा 2-3 मिमीच जास्त ठेवायची, 19 च्या प्लायला 22, आणि रेल स्वतः साधारण 5 मिमी खाते म्हणून काही सॉच्या स्केलवर 27 लावावे लागतात तर काहींच्या स्केलमध्ये रेल आधीच धरलेली असते. एका तुकड्यावर करून बघा, कळेल. आणि हो, वॉर्डरोबच्या 600 च्या दोन बाजू एका शीटमधून काढताना 1220 मधून 1200 गेले की वीसच उरतात, त्यात फॅक्टरीची फुटकी कड छाटायची आणि ब्लेडची दोन-सव्वादोन मिमीची जाडी प्रत्येक कापाला जाणार, हिशोब आधी कागदावर मांडा.

ट्रॅक सॉला जमत नाही तेही सांगतो. दोन इंची पट्ट्या एकसारख्या वीस काढायच्या असतील तर वैताग येतो, रेल जवळपास 180-190 मिमी रुंद आणि खाली टेकायला दोन इंचच, ती कलंडते. बाजूला त्याच जाडीचा तुकडा ठेवून भागतं, पण टेबल सॉचा वेग येत नाही.

आणि शेवटचं, तुम्हाला दोन वॉर्डरोब आणि एक किचन करून थांबायचं असेल तर ट्रॅक सॉ घेऊच नका. साधा 7 इंची सर्क्युलर सॉ घ्या, 6 मिमी प्लायच्या लांब पट्टीवर फॅक्टरीची सरळ कड असलेली दुसरी 12 मिमीची पट्टी स्क्रूने ठोका, सॉ त्या कडेला टेकवून एकदा चालवा म्हणजे खालची पट्टी नेमकी ब्लेडपाशी छाटली जाते. झाला घरचा ट्रॅक. धूळ जास्त उडते, जोर लावून टेकवून धरावं लागतं, पण कड सरळ येते.

प्रश्न (ठाणे): भाऊ न्यू जर्सीत असतो, दिवाळीला येतोय. तिकडे टूल्स स्वस्त मिळतात, त्याला ट्रॅक सॉ आणायला सांगू का?

उत्तर: वायरवाला नको. तिकडे 120 व्होल्ट, आपल्याकडे 230. डायरेक्ट लावला तर पहिल्याच कापाला धूर. 1300 वॅटच्या मशीनला 230 चे 120 करणारा दोन केव्हीएचा तरी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तो धोंडा शीटभोवती घेऊन फिरायचा आणि वर वॉरंटी इथे बहुतेक चालणार नाही, स्वस्तातलं सगळं त्यातच गेलं.

बॅटरीवाला आणत असेल तर विचार करता येईल, पण बॅटऱ्या सुट्या असतील तर चेक-इन बॅगेत चालत नाहीत, हातातल्या बॅगेतच आणायच्या. 100 वॉटअवरपर्यंतची बॅटरी सहसा चालते, 18 व्होल्टची 5 एएच (अँपिअरअवर) म्हणजे 18 गुणिले 5, 90, ती बसते. त्याच्या वर 160 पर्यंत एअरलाइनची परवानगी काढावी लागते. चार्जर मात्र तिकडचा आणू नका, त्यावर नुसतं 120 लिहिलेलं असेल तर इथे तो उडणार, चार्जर इथेच घ्या. आणि भाऊ आणणारच असेल तर त्याच्याकडून चांगली ब्लेडं मागवा, वजन नाही की व्होल्टेज नाही. फक्त मधलं भोक तुमच्या सॉच्या मापाचं आहे ना ते बघायला सांगा, आपल्या 165 च्या सॉला 20 मिमी लागतं.

प्रश्न (कोल्हापूर): माझ्याकडे ट्रॅक सॉ आहे तरी सनमायका लावलेल्या प्लायची कड फुटते. व्हिडिओत तर एकदम काचेसारखी येते.

उत्तर: कुठल्या बाजूची फुटते ते लिहिलं नाहीत, पण मी अंदाज करतो: रेलच्या बाहेरच्या तुकड्याची. रबरपट्टी फक्त तिच्या खालच्या बाजूला दाबून धरते, पलीकडच्या तुकड्याला कुणी धरलेलं नसतं आणि ब्लेडचे दात वर येताना त्याची सनमायका उचकटतात. म्हणून जो भाग वापरायचा तो रेलच्या खाली ठेवायचा, टाकाऊ बाजू बाहेर. दोन्ही वापरायचे असतील तर सॉच्या बाजूला प्लास्टिकचा छोटा तुकडा लावायची सोय काही मॉडेलना असते ती लावा, नाहीतर रेघेवर मास्किंग टेप.

दुसरं म्हणजे ब्लेड. सॉसोबत आलेलं 24 दातांचं असेल तर सनमायका फुटणारच, 48 दातांचं घ्या. गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडे 4 इंची, 7 इंची लगेच मिळतात, 165 साठी मुंबईत नागदेवी स्ट्रीट किंवा तुमच्याकडच्या मोठ्या टूल्सच्या दुकानात जावं लागेल, गेलात की दोन घेऊन या. आणि जुनं ब्लेड फेकायच्या आधी एकदा धुवा. फेव्हिकॉल आणि राळ दातांवर चिकटून काळा थर बसतो, प्लग काढून, ब्लेड उतरवून, कोमट साबणपाण्यात तासभर ठेवून जुन्या टूथब्रशने घासा आणि लगेच पुसून कोरडं करा.

मकितावर 2-3 मिमीचा एक स्टॉप दिलेला असतो, त्यावर आधी एक हलकी फेरी मारायची, सनमायका चिरली जाते, मग पूर्ण खोलीची दुसरी फेरी. बाकी मशीनवर हेच डेप्थ हाताने लावून करा. रेल मात्र दोन्ही फेऱ्यांमध्ये जराही हलता कामा नये, क्लॅम्प लावा, नुसत्या रबरावर भरवसा ठेवू नका, सनमायका गुळगुळीत असते आणि वर भुसा सांडलेला असेल तर रेल घसरतेच.

प्रश्न (सोलापूर): जुन्या वाड्याचे सागवानी वासे मिळालेत, दोन-अडीच इंच जाड. ट्रॅक सॉने फाडता येतील का?

उत्तर: दोन इंच म्हणजे 51 मिमी, कॅटलॉगमध्ये 55-56 लिहिलेलं बघून खुश होऊ नका, तो आकडा रेलसकट की रेलशिवाय ते विचारा, त्यातले 5 गेले की काठावर येता. अडीच इंच तर 63, 165 च्या ब्लेडला ते होणारच नाही. दोन इंची असतील तर कमी दातांचं, 12-14 वालं रिपिंगचं (लांबीला फाडायचं) ब्लेड लावून दोन-तीन फेऱ्यांत घ्या, एका दमात घालाल तर कड जळते आणि मोटर रडते. सागवानात सिलिका असते, धार लवकर जाते हे गृहीत धरा. आणि वाड्याचं लाकूड आहे, त्यात खिळे असणारच, मोडलेले, आत गेलेले, वरून न दिसणारे. लोहचुंबक फिरवून सगळा वासा तपासल्याशिवाय मशीन लावू नका. खरं सांगायचं तर हे काम सॉ मिलवाल्याच्या बँड सॉचं आहे, त्याला पैसे द्या आणि फळ्या घरी आणून कडा तेवढ्या ट्रॅक सॉने सरळ करा.

प्रश्न (पुणे): मी चौथ्या मजल्यावर राहते, काम बाल्कनीत. धूळ आणि आवाजाचं काय करू? शेजारच्या काकू आत्ताच कुरकुरतात.

उत्तर: ताई, धुळीत ट्रॅक सॉ सगळ्यांत बरा, ब्लेड बंद खोक्यात फिरतं आणि मागे नळी लावायला तोंड असतं, व्हॅक्यूम जोडला तर बराचसा भुसा त्यात जातो. जोडाच. लाकडाची धूळ कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे, डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने ती 1995 सालीच त्यात टाकली, आणि प्लायमध्ये गोंद असतो तो वेगळाच. व्हॅक्यूम असला तरी चांगला मास्क हवा, रुमाल नाही.

वायरिंग बघा. सॉ 1300 वॅट म्हणजे पावणेसहा अँपिअर, व्हॅक्यूम हजार-बाराशे वॅटचा, बाल्कनीतल्या 6 अँपिअरच्या एका सॉकेटवर मल्टिप्लग लावून दोन्ही चालवले तर सॉकेट वितळेल. 16 अँपिअरच्या पॉइंटवरून जाड एक्स्टेंशन घ्या, सॉ सुरू करायच्या आधी ते पूर्ण उलगडा, गुंडाळी तशीच ठेवली तर तापते.

आवाजाला उपाय नाही, कान तुमचे झाका. शीट चौथ्या मजल्यावर चढवण्याआधी प्लायवाल्याकडूनच उभी दोन भागांत कापून घ्या, टिंबर मार्केटमध्ये पॅनल सॉवाले (अख्ख्या शीट कापायचं मोठं मशीन असलेले) बसलेलेच असतात, जिन्यातून अख्खी शीट चढवायचे हमाल मजल्यामागे पैसे घेतात तेही वाचतील. फक्त मापात दहा-दहा मिमी जास्त ठेवायला सांगा, शेवटची कड तुमच्या सॉने घ्या. मग बाल्कनीत कापायला थोडंच उरतं, ते दुपारी काकू झोपायच्या आधी उरका.