सूर्यमालेची वेस नेमकी कुठे?

प्रश्न : नासाचे व्हॉयेजर-१ हे अंतराळयान सूर्यमालेबाहेर गेल्याच्या बातम्या वारंवार येतात. ते खरोखरच बाहेर गेले आहे का?

उत्तर : अर्धेच खरे. १९७७ साली निघालेल्या या यानाने ऑगस्ट २०१२ मध्ये सौरवाऱ्याची, म्हणजे सूर्यातून सतत वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहाची, हद्द ओलांडली. या हद्दीबाहेर प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा वायू) अधिक दाट असतो. परंतु प्लाझ्माची घनता थेट मोजणारे त्याचे उपकरण १९८० सालीच बंद पडलेले असल्याने, ती घनता इलेक्ट्रॉनांच्या कंपनांवरून काढावी लागली आणि सुमारे चाळीसपट वाढ दिसल्यावरच शास्त्रज्ञांनी हे ओलांडणे मान्य केले. सूर्याचे गुरुत्वाकर्षण मात्र त्याही पलीकडे पोहोचते. सूर्यमालेला दूरवरून वेढणाऱ्या बर्फाळ पिंडांच्या ऊर्ट मेघाची आतली कडा गाठायलाच यानाला सुमारे ३०० वर्षे लागतील, आणि हा मेघही कोणी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. दूरवरून येणाऱ्या धूमकेतूंच्या कक्षांवरून केलेले ते अनुमान आहे. मथळ्यात एवढे मावत नाही, हे कबूल. तरी ‘सूर्यमाला सोडली’ असे छापणे मला घाईचे वाटते.