कंपनीचा स्टिरिओ राहू द्या, सबवूफर जोडा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक आहे. स्टिरिओ कंपनीचाच आहे आणि स्टिअरिंगवर त्याची बटणं आहेत, म्हणून तो काढायचा नाही. मागे १० इंची सबवूफर (फक्त बास वाजवणारा मोठा स्पीकर) लावायचा आहे. यवतमाळच्या दुकानात सांगतात, आधी स्टिरिओ बदला. खरंच गरज आहे का? (दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : गरज नाही. कंपनीच्या बहुतेक स्टिरिओंना मागे आरसीए आउटपुट (ॲम्पला सिग्नल द्यायचं सॉकेट) नसतं, म्हणून दुकानदार तसं म्हणतो. स्पीकरच्या वायरीतला सिग्नल थेट घेणारा, म्हणजे हाय-लेव्हल इनपुटचा ॲम्प (सिग्नलची ताकद वाढवून सबवूफर वाजवणारं यंत्र) घेतला की अडचण मिटते. तसा नसेल तर मध्ये हाय-लो कन्व्हर्टर (स्पीकरच्या सिग्नलचा ॲम्पला चालेल असा कमी सिग्नल करणारी डबी) लावावा लागतो.

सिग्नल मागच्या दारातल्या स्पीकरवरून घ्या. वायर कापू नका. अर्धा इंच सोला, नवी वायर गुंडाळा, सोल्डर करून टेप मारा. दाबून बसवायच्या क्लिपा सोप्या पडतात, पण आपल्याकडच्या खड्ड्यांत त्या सैल होतात. प्लस-मायनस ओळखायचं तर स्पीकर स्टिरिओपासून सुटा करून १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावा. पडदा बाहेर आला तर सेलचा प्लस ज्या वायरीला लागला तीच प्लस. स्पीकरची मायनस वायर मात्र बॉडीला कधीच टेकवू नका. अशा स्टिरिओंत दोन्ही वायरींवर सिग्नल असतो. मायनसला अर्थ (म्हणजे गाडीची बॉडी) मिळाला की आउटपुटचा आयसी (चिप) जळू शकतो, आणि मग खरोखरच नवा स्टिरिओ घ्यावा लागतो.

ॲम्प ३०० वॉट आरएमएसचा (म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा), क्लास-डी (कमी करंट खाणारा प्रकार) पुरतो. तो जोरात वाजताना साधारण २७ अँपिअर ओढतो, म्हणून बॅटरीपासून ८ गेजची, म्हणजे सुमारे ८.४ चौरस मिलिमीटरची, शुद्ध तांब्याची वायर आणि ४० अँपिअरचा फ्यूज घ्या. वायर नखानं किंवा ब्लेडनं खरवडून बघा. आत पांढरट निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. तसलीच घ्यायची असेल तर एक माप जाड घ्या. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. तो ॲम्पच्या नाही, वायरीच्या रक्षणासाठी असतो. पत्र्याच्या भोकातून वायर आत नेताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) विसरलात तर हादऱ्यांनी प्लास्टिक घासून शॉर्ट होतं. गाडी गोठ्याजवळ किंवा धान्याच्या खोलीजवळ उभी राहत असेल तर बोनेटमधली वायर लवचीक पाइपातूनच न्या, उंदीर सोडत नाहीत. कामाला हात घालण्याआधी बॅटरीचा मायनस काढायचा, हे वेगळं सांगायला नको.

अर्थची वायरही तेवढीच जाड आणि दीड फुटाच्या आत ठेवा. बोल्टाखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. सीट बेल्टचा बोल्ट त्यासाठी वापरू नका. बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते, तेव्हा तिथल्या फरशीत ड्रिल अजिबात नको. ॲम्प गालिच्याखाली दाबू नका. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा असताना बंद गाडी त्याहून कितीतरी तापते, आणि हवा मिळाली नाही तर ॲम्प गरम होऊन स्वतःच बंद पडतो.

सिग्नल आला की आपोआप चालू होणारा ॲम्प असेल तर रिमोट वायर (ॲम्पला चालू-बंदचा इशारा देणारी) लागत नाही. नाहीतर ती मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटच्या फ्यूजवरून घ्या, पण किल्ली काढल्यावर ते सॉकेट बंद होतं ना, ते आधी तपासा. कायम चालू करंटवर रिमोट जोडला तर बॅटरी हळूहळू उतरत राहते.

सगळ्यात जास्त सबवूफर गेनच्या बटणानं जळतात. गेन म्हणजे आवाज वाढवायचं बटण नव्हे, स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्प जुळवायचं बटण. स्टिरिओचे बास, ट्रेबल शून्यावर, ॲम्पचा बास बूस्ट शून्यावर, लो-पास (फक्त खालचे सूर पुढे सोडणारं बटण) ८० हर्ट्झवर ठेवा. सबवूफर सुटा करा, ५० हर्ट्झचा टोन (चाचणीचा एकसुरी आवाज) लावा, स्टिरिओचा आवाज पाऊणपर्यंत न्या. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या आउटपुटला लावा. ४ ओहमच्या सबवूफरला ३०० वॉट म्हणजे सुमारे ३४.६ व्होल्ट, २ ओहमला २४.५. गेन तिथवरच फिरवा. शेवटी फेजचं बटण ० आणि १८० वर करून बघा. ड्रायव्हरच्या सीटवर जिथे बास भरीव लागेल तिथे ठेवा.

प्रश्न : एका ॲम्पच्या खोक्यावर ३००० वॉट लिहिलं आहे, किंमत मात्र कमी. घ्यावा का? (चिमूर, जि. चंद्रपूर)

उत्तर : ॲम्पवरचे फ्यूज बघा. ३० अँपिअरचा एकच फ्यूज असेल तर ३० गुणिले १३.८ म्हणजे ४१४ वॉट आत जातात. क्लास-डीत त्यातले तीन चतुर्थांश धरले तर ३१० वॉट बाहेर येतील. बाकीचे २६९० फक्त खोक्यावर.

प्रश्न : गाडी चालू केली का सबवूफर अन् स्पीकरमधून कुंईऽऽ आवाज येते, ॲक्सिलरेटर दाबला का वाढते. फिल्टर लावू का भाऊ? (तिवसा, जि. अमरावती)

उत्तर : फिल्टर शेवटी. बहुतेक वेळा दोष अर्थमध्ये असतो. गाणं जोरात असताना ॲम्पचा अर्थ आणि बॅटरीचा मायनस यांच्यात डीसी व्होल्ट मोजा. ०.२–०.३ च्या वर गेलं तर जोड पुन्हा खरवडून आवळा. अर्थ ठीक निघाला तर करंटची आणि सिग्नलची वायर एकाच बाजूनं नेली आहे का बघा. एक डावीकडून, एक उजवीकडून न्यायची.

प्रश्न : घरी सागवानाच्या फळ्या आहेत, त्याचा बॉक्स करून आत कापूस भरला तर? (आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : सागवान दारं-खिडक्यांना ठेवा. अस्सल लाकूड आपल्या कोरड्या उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं, आणि जोडांतून हवा निसटली की बंद बॉक्सचा बास पोकळ होतो. १८ मिलिमीटरचा प्लाय घ्या. एमडीएफही (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) चालतो, पण त्याच्या कडांना पाणी लागलं की तो फुगतो. १० इंची सबवूफरला बंद बॉक्स १७ ते २१ लिटरचा लागतो. आतून ४० × ३० × १७ सेंटिमीटर केला तर साधारण २० लिटर होतात. सबवूफरच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच धरा, आणि त्याची खोली मावते का ते आधी मोजा. जोडांना आतून फेविकॉलचा थर द्या.

कापूस हादऱ्यांनी खाली बसतो आणि ओल धरतो. उशीत भरतात तो पॉलिस्टर फायबर पावशेर ते ३०० ग्रॅम, हातानं मोकळा करून भरा. पोर्टवाल्या (हवा जायला नळी असलेल्या) बॉक्समध्ये तसा भरू नका, फार तर भिंतींना पातळ थर लावा.

प्रश्न : वरातीत गाडी बंद ठेवून दोन तास गाणी वाजवली तर धक्का मारावा लागते. कॅपॅसिटर लावला तर होईन काय? (पुसद, जि. यवतमाळ)

उत्तर : नाही. कॅपॅसिटर क्षणभराच्या झटक्याला आधार देतो, बॅटरीत भर घालत नाही. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीतून गाण्यांवर सरासरी १० अँपिअर जात असतील तर दोन तासांत निम्म्याहून जास्त संपते. स्वस्तातला डिजिटल व्होल्टमीटर लावा. इंजिन बंद असताना वाजवणं थांबवून बघा, १२.२ दिसलं की इंजिन चालू करा, पण मोकळ्या जागेत. रात्री १० ते सकाळी ६ सार्वजनिक जागी लाउडस्पीकर वाजवायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे, त्यामुळे दहाच्या आत आटपा.