सणाच्या दिवशी थीम पार्क : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : सणाच्या सुट्टीत आम्ही सात मित्रमैत्रिणी थीम पार्कला जाणार आहोत. मागच्या खेपेला नऊ तासांत जेमतेम पाच राईड झाल्या, बाकी दिवस रांगेत गेला. यंदा सुरुवात कुठून करावी?

रांगेची लांबी बघून राईड निवडली की असंच होतं. बघायचं असतं ते रांग किती वेगाने पुढे सरकते. एक रोलर कोस्टर धरा. गाडीत २४ जागा आणि दर दीड मिनिटाला एक गाडी सुटते, म्हणजे तासाला ९६० माणसं बसून जातात. शेजारी १२ जणांची एक फिरती राईड आहे. माणसं बसवणं, पट्टे तपासणं, फिरवणं आणि उतरवणं या सगळ्याला चार मिनिटं लागतात. तासाला फक्त १८० माणसं. आता दोन्हीकडे तुमच्यापुढे २४० जण उभे असतील, तर कोस्टरला १५ मिनिटं लागतील आणि फिरत्या राईडला ८० मिनिटं. बाहेरून रांगा सारख्याच दिसतात.

हा हिशेब जागेवर करता येतो. गाडी सुटली की घड्याळ बघा, पुढची सुटली की पुन्हा बघा, आणि गाडीतल्या जागा मोजा. दोन गोष्टींनी मात्र हा आकडा फसवतो. दोन गाड्यांपैकी एकच रुळावर असेल तर वेग जवळपास निम्म्यावर येतो, कारण एक गाडी फिरत असताना फलाटावर दुसरी भरत नसते. दुसरं म्हणजे एक्स्प्रेस तिकिटाची, म्हणजे जादा पैसे भरून लवकर बसणाऱ्यांची, वेगळी रांग. दोन रांगा जिथे एकत्र येतात तिथे निम्म्या जागा त्या रांगेला जात असतील, तर तुमची प्रतीक्षा दुप्पट होते. म्हणून रांगेत शिरण्याआधी तो सांधा नजरेखालून घाला.

यावरून दिवसाचा क्रम आपोआप लागतो. माणसं थोडी नेणाऱ्या पण सगळ्यांना हव्या असलेल्या राईड पहिल्या दीड-दोन तासांत उरकायच्या. चार-चार जणांच्या सुट्या डब्यांचे कोस्टर, उंचावरून खाली सोडणारे मनोरे, पडद्यासमोर लटकवून उडवणाऱ्या राईड या त्यात येतात. सतत चालत राहणाऱ्या बोटी, सरकत्या पट्ट्यावरून चढायचे डबे आणि मोठ्या प्रेक्षागृहातले खेळ भर दुपारी ठेवा. तिथली रांग अंगणभर पसरलेली असली तरी चालत राहते.

दारं उघडण्याआधी ३० ते ४५ मिनिटं पोहोचा आणि तिकीट आधीच काढून ठेवा. आत शिरताच बहुतेक माणसं दिसेल त्या पहिल्या मोठ्या राईडकडे वळतात. तुम्ही पार्कच्या टोकापासून सुरुवात करून उलटे या. सणाच्या दिवशी संध्याकाळी मिरवणूक किंवा आतषबाजी असेल, तर ती चालू असताना मोठ्या राईडच्या रांगा ओसरतात आणि संपल्यावर लगेच, विशेषतः मिरवणुकीच्या वाटेवरच्या, पुन्हा फुगतात. बंद होण्याच्या वेळी जे रांगेत असतात त्यांना बऱ्याच पार्कमध्ये बसू देतात. पण गर्दीच्या दिवशी रांग आधीच तोडली जाऊ शकते, तेव्हा शेवटची राईड ठरवण्याआधी तिथल्या माणसाला विचारा.

आता तुमच्या सात जणांबद्दल. बहुतेक गाड्यांत दोन-दोन किंवा चार-चार जागांच्या ओळी असतात, त्यामुळे एक जण नेहमी उरतो. एकट्याने बसणाऱ्यांची रांग असेल तर ती वापरा. रिकामी राहिलेली जागा भरायला तिथून माणूस घेतात. सगळे वेगवेगळे बसाल, पण वेळ बराच वाचेल. आणि एक गोष्ट घरूनच करून निघा : प्रत्येकाने ‘हे झालंच पाहिजे’ अशा दोनच राईड लिहून द्यायच्या. सातांच्या चौदा होतात, एकमेकांत मिसळून सहा-सात उरतात, आणि ‘आता कुठे?’ हा वाद राईडच्या दारात होत नाही. त्या वादात जाणारा वेळ कोणी मोजत नाही, पण तो रांगेतल्या वेळेइतकाच दिवस खातो.

प्रश्न : रोलर कोस्टरला पुढे बसावं की मागे? मित्र म्हणतात मागे जास्त भीती वाटते. हे खरं, की मनाचे खेळ?

खरं आहे. साखळी गाडीला पहिल्या चढावर ओढते तेव्हा पुढचा डबा साखळीच्याच संथ वेगाने शिखर ओलांडतो आणि खाली लोंबकळत थांबल्यासारखा होतो, कारण मागचं वजन अजून चढावर असतं. मागचा डबा शिखरावर येईपर्यंत अर्ध्याहून जास्त गाडी उतारावर लागलेली असते, त्यामुळे तो झपाट्याने ओढला जातो आणि तुम्ही आसनावरून उचलले जाता. पहिला उतार हवा असेल तर शेवटची ओळ घ्या. नंतरच्या टेकड्यांवर दोन्ही टोकं बऱ्यापैकी सारखी असतात. गाडीचा मध्य शिखरावर असतो तेव्हा ती सर्वांत हळू चालते, म्हणून मधल्या डब्याला टेकडी सर्वांत सौम्य लागते. पहिल्यांदा बसणाऱ्या मित्राला मधोमध बसवा, आणि शक्य असेल तर डब्यात चाकांच्या बरोबर वर नको, दोन चाकांच्या मधल्या ओळीत. हादरे कमी बसतात. पुढच्या ओळीची मजा वेगळी : वारा, मोकळी नजर आणि समोर फक्त रूळ.

प्रश्न : उलटं फिरताना गाडी खाली का पडत नाही? आणि चढताना जो टकटक आवाज येतो तो कशाचा?

प्रत्येक डब्याला तीन प्रकारची चाकं असतात. एक जोडी रुळाच्या वर चालते, दुसरी रुळाला बाजूने धरून ठेवते आणि तिसरी रुळाच्या खालून. खालून धरणाऱ्या चाकांचं पेटंट अमेरिकेतले कोस्टर-रचनाकार जॉन मिलर यांनी १९१९ मध्ये घेतलं, आणि त्यानंतरच उभे उतार आणि माणसाला आसनावरून उचलणाऱ्या टेकड्या बिनधोक बांधता येऊ लागल्या. गाडी जिथे उलटी होते तो उभा वळसा पूर्ण गोल नसतो, उलट्या थेंबासारखा असतो : खाली वळण पसरट, वर आवळलेलं. गोल वळशात शिरताना मानेवर एकदम फार भार येतो. एकोणिसाव्या शतकातले गोल वळसे त्यापायीच मागे पडले. थेंबाच्या आकारात तो भार हळूहळू चढतो. पोलादी रुळांचा असा आधुनिक उभा वळसा १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन पार्कमध्ये चालू झाला. त्याची आखणी जर्मन अभियंता वेर्नर स्टेंगेल यांची होती.

टकटक साखळीची नसते. डब्याखाली एक खटका असतो, तो रुळांमधल्या दातेरी पट्टीचा एकेक दात ओलांडत वर सरकतो. साखळी बंद पडली किंवा तुटली, तरी खटका दातात अडकतो आणि गाडी मागे घसरत नाही. हा आवाज ऐकून घाबरणाऱ्यांना हे जरूर सांगा. तो आवाज त्यांच्या रक्षणाचाच आहे.

प्रश्न : राईड मध्येच थांबली तर काय करायचं?

बसून राहायचं. पट्टा सोडायचा नाही, मांडीवर अडकवलेली दांडी ढकलायची नाही, मोबाइल बाहेर काढायचा नाही.

थांबण्याचं कारण बहुतेक वेळा सुरक्षेचं असतं. रुळाचे टप्पे पाडलेले असतात आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी असू शकते. पुढची गाडी टप्पा सोडत नाही तोवर मागची अडवली जाते. फलाटावर कुणाची चप्पल अडकली, कुणी बसायला वेळ लावला, एखाद्या सेन्सरने गाडीची नोंद चुकवली, तरी यंत्रणा मागच्या गाड्या थांबवते. वीज गेली तरी ब्रेक जात नाहीत. हवेच्या दाबावरचे ब्रेक असे बांधतात की दाब गेला की ते आपोआप आवळले जातात. चुंबकी ब्रेकना तर वीज लागतच नाही : धातूची पट्टी कायमच्या चुंबकांमधून गेली की तिच्यात उठणारे प्रवाहच तिला अडवतात. गाडी जितकी वेगात, तितका अडसर मोठा. वेग अगदी कमी झाला की मात्र त्यांचा जोर संपतो, म्हणून फलाटाशी गाडी पूर्ण थांबवायला दुसरे ब्रेक लागतात.

विजा चमकू लागल्या किंवा वारा वाढला की उंच राईड बंद करतात. त्या वेळी ऑपरेटरशी हुज्जत घालू नका, तो निर्णय त्याच्या मर्जीचा नसतो. खाली फिरत्या किंवा आतल्या राईड चालू असतात, तिकडे वळा.

प्रश्न : धाकटा भाऊ ११८ सेंटिमीटर आहे, राईडची मर्यादा १२०. जाड तळव्यांचे बूट चालतील का?

नाही, आणि कृपा करून असं करू नका. मर्यादा धाडसाची नसते, मापाची असते. दांडी मांडीवर कुठे टेकते, खांद्यावरचा जाड पट्टा कुठे बसतो, अंग खाली किंवा बाजूने निसटू शकतं का, यावरून ती ठरते. बुटाने उंची वाढते, पण कंबरेपासून गुडघ्यापर्यंतचं अंतर वाढत नाही. काही राईडवर कमाल उंचीही असते, आणि अंगाने भारी माणसांना दांडी पूर्ण खाली येत नाही म्हणून नकार मिळतो. प्रवेशाशी नमुन्याचं आसन ठेवलेलं असेल, तर रांगेत उभं राहण्याआधीच त्यात बसून बघा. तासभर थांबून फलाटावरून परत फिरणं मोठ्या माणसालाही लागतं, लहानाला तर फारच. गरोदरपण, हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, पाठीचा किंवा मानेचा जुना त्रास आणि अलीकडची शस्त्रक्रिया असलेल्यांनी पाटीवरच्या सूचना शब्दशः पाळाव्यात. अशा मित्राला घोळक्यातून आग्रह करू नका.

प्रश्न : मला दोन राईडनंतर मळमळतं आणि दिवसभर सामान सांभाळत बाकावर बसावं लागतं. उपाय?

आतला कान सांगतो ‘हलतोय’ आणि डोळे सांगतात ‘स्थिर आहे’, किंवा उलट. या विसंगतीतून मळमळ येते. म्हणून राईडप्रमाणे उपाय बदलतो. कोस्टरवर डोकं मागे टेकवून ठेवा आणि रूळ पुढे कुठे वळतो तिकडे बघा. शरीराला पुढची हालचाल आधी कळली की त्रास कमी होतो. पडद्यासमोर हलणाऱ्या आसनांत बेचैनी सुरू झाली तर डोळे मिटा, भांडणातला एक साक्षीदारच गप्प होतो. गोल फिरणाऱ्या कपांमध्ये बाहेर बघू नका. बरोबर फिरणाऱ्या मित्राच्या चेहऱ्यावर नजर ठेवा आणि मान अजिबात वाकवू नका. फिरत असताना डोकं कलवलं की कानातल्या वेगवेगळ्या नलिकांना एकाच वेळी उलटसुलट संदेश मिळतात, आणि मळमळीचं हे सर्वांत हमखास कारण आहे.

राईड थांबल्यावरही कानातला द्रव काही वेळ फिरत राहतो, म्हणून लगेच दुसऱ्या फिरत्या राईडवर चढू नका. अर्धा तास सपाट जमिनीवर चाला. उपाशीपोटी येऊ नका, भरपेट खाऊनही नको. थोडं खाऊन तासभर जाऊ द्या. गोळी घ्यायची तर ती डॉक्टरांना विचारून आणि राईडच्या अर्धा ते एक तास आधी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही, आणि बऱ्याच गोळ्यांनी झोप येते.

प्रश्न : सणाचे कपडे घालून गेलं तर चालेल ना?

चालेल, पण सुटं काहीही नको. ओढणी, स्कार्फ, लांब झुळझुळीत पदर आणि मोकळे केस गो-कार्टच्या (स्वतः चालवायच्या बुटक्या, उघड्या गाडीच्या) मागच्या फिरत्या आसात अडकून जीव गेल्याच्या घटना घडल्या आहेत. गो-कार्टवर बसण्याआधी केस बांधून हेल्मेटच्या आत घ्या आणि ओढणी काढून लॉकरमध्ये ठेवा. ती गाठ मारून कमरेला गुंडाळणं पुरेसं नाही. खिशातला मोबाइलही तसाच. ३० मीटर उंचीवरून पडलेली वस्तू, हवेचा अडथळा सोडला तर, ताशी सुमारे ८७ किलोमीटर वेगाने खाली येते, आणि खाली रांग असते. चष्म्याला मागून बांधायची दोरी लावा, मात्र तो घालून बसता येईल का ते ऑपरेटरला विचारा. पाण्याच्या राईड दुपारच्या उन्हात घ्या म्हणजे कपडे वाळतात. मोज्यांचा कोरडा जोड जवळ ठेवा, कारण ओल्या मोज्यांत तासभर चाललं की पायाला फोड येतात.

प्रश्न : आतषबाजीनंतर गर्दीत आमची चुकामूक झाली आणि मोबाइलही लागत नव्हते. ते कसं टाळायचं?

हजारो लोक एकाच वेळी चित्रफिती पाठवायला लागले की फोन लागणं अवघड होतं, त्यामुळे भेटायची जागा सकाळीच ठरवा. मुख्य दार नको, तिथेच सगळे लोटतात. बाजूला असलेली, रात्री उजेडात राहणारी आणि हलवली न जाणारी खूण निवडा. वेळही ठरवा : दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं. फोन लागला नाही तर मजकूर पाठवा, तो उशिरा का होईना पोहोचतो.

आतषबाजी संपताच निघू नका. ३० ते ४० मिनिटं एका कडेला बसा, लोंढा ओसरतो. चौरस मीटरमध्ये पाचाहून जास्त माणसं झाली की माणूस स्वतःच्या इच्छेने हलू शकत नाही, आणि धोका तिथून पुढे वाढत जातो. दोन्ही बाजूंनी अनोळखी खांदे सतत टेकलेले वाटू लागले, तर तिथूनच बाजूला व्हायला लागा. लोंढ्याविरुद्ध जाऊ नका, त्याच्याबरोबर चालत तिरपे कडेला सरका. दोन्ही हात छातीपुढे वाकवून धरा, म्हणजे श्वासाला जागा राहते. पडलेली वस्तू उचलायला वाकू नका, मग तो मोबाइल का असेना. लहान मूल बरोबर असेल तर त्याला उचलून घ्या आणि भिंतीच्या किंवा कठड्याच्या कडेने नव्हे, मोकळ्या जागेकडे चला.