पंच ‘मॅनेज’ झाले म्हणजे नेमके काय झाले?

सांगलीकडच्या एका तालमीच्या चिटणिसांचा प्रश्न आहे. त्यांच्या मैदानात एका कुस्तीच्या निकालावरून वाद झाला आणि नंतरच्या बैठकीत एक सभासद म्हणाले, ‘पंच मॅनेज झाले होते.’ चिटणीस विचारतात, इतिवृत्तात हे असंच लिहावं का? इंग्रजीत या क्रियापदाला असा अर्थ आहे का? नसेल तर मराठीत काय लिहायचं? जाता जाता त्यांनी असंही कळवलंय की त्यांचा मुलगा ज्या कंपनीत आहे तिथल्या प्रशिक्षणात ‘मॅनेजमेंट म्हणजे मॅनेज मेन टॅक्टफुली’ (माणसं खुबीनं हाताळा, शेवटचा ‘ट’ टॅक्टफुलीचा) अशी फोड शिकवली, ती खरी आहे का?

मॅनेजचा रोजचा अर्थ, म्हणजे कारभार पाहणे, सांभाळणे, सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. आधी मुलाच्या प्रशिक्षणाचं बघतो, कारण ती फोड मी गेली वीस वर्षं ऐकतोय आणि दर वेळी माझा पारा चढतो. ती साफ खोटी आहे. शेवटचं ‘मेंट’ हा लॅटिनमधल्या ‘मेन्तुम’वरून आलेला प्रत्यय आहे. क्रियापदाला तो लागला की त्या क्रियेचं नाम होतं. गव्हर्नमेंट, पेमेंट, ॲग्रीमेंट, ट्रीटमेंट, सगळीकडे तोच. मग पेमेंट म्हणजे ‘माणसांना पैसे द्या’ आणि ट्रीटमेंट म्हणजे ‘माणसांवर उपचार करा’ असं का नाही शिकवत? त्या सगळ्या शब्दांत शेवटचा ‘ट’ आहेच की. पडद्यावर अक्षरं तोडून दाखवली आणि समोरच्या पन्नास जणांनी वहीत उतरवून घेतली, एवढ्यानं व्युत्पत्ती होत नाही.

दुसरी चूक त्याहून चिवट आहे. मॅनेजमध्ये ‘मॅन’ दिसतो, मॅन म्हणजे आपला मनु, मनुष्य. म्हणून मॅनेज म्हणजे माणसं चालवणं किंवा मन सांभाळणं. हे मी व्याख्यानांतसुद्धा ऐकलंय, आणि टाळ्या पडतानाही पाहिलंय. इंग्रजी ‘मॅन’ आणि संस्कृत ‘मनु’ हे एका कुळातले आहेत, हे खरं. ‘मन’ आणि लॅटिन ‘मेन्स’, ज्यावरून ‘मेंटल’ आला, तेही एका कुळातले. पण मॅनेजमधला ‘मॅन’ या दोघांपैकी कुणाचाच नाही. तो लॅटिन ‘मानुस’, म्हणजे हात. मॅन्युअल, मॅन्युस्क्रिप्ट, मॅनिक्युअर यांत बसलाय तोच हा हात. मेन्टेन म्हणजे मुळात हातात धरून ठेवणं. मॅन्डेट म्हणजे हाती सोपवणं. शेणखताला इंग्रजीत ‘मॅन्युअर’ म्हणतात, तोही याच हाताचा. आधी त्याचा अर्थ हातानं काम करणं, मग जमीन कसणं, आणि मग जमीन कसताना तिच्यात जे घालतात ते. आपली ‘मशागत’ अशीच अरबी ‘मशक्कत’ म्हणजे कष्ट या शब्दावरून येऊन शेतात स्थिरावली. कष्ट मागे राहिले आणि नांगरट, कुळवणी पुढे आली.

पण हा हात मॅनेजमध्ये आला कुठून? ही वाट मला फार आवडते. तो कचेरीतून आला नाही, बाजारातूनही नाही. तो पागेतून आला.

इटालियनमध्ये ‘मानेज्जारे’ म्हणजे हाताळणे आणि विशेष करून घोडा हाताच्या इशाऱ्यावर खेळवणे. सोळाव्या शतकात नेपल्स हे घोडेस्वारीच्या विद्येचं मोठं पीठ होतं. तिथल्या फेदेरिको ग्रिझोने नावाच्या उमरावाचं घोडा शिकवण्यावरचं पुस्तक १५५० मध्ये छापून निघालं, युरोपभर गेलं, आणि काही वर्षांतच इंग्रजीतही उतरलं. त्याच सुमारास, १५६० च्या दशकात, ‘मॅनेज’ हा शब्द इंग्रजीत दिसू लागतो आणि पहिल्यांदा तो घोड्याबद्दलच असतो. शेक्सपिअरचा राजा दुसरा रिचर्ड गडाच्या तटावरून खाली उतरताना स्वतःची तुलना सूर्याच्या रथाचे घोडे न आवरलेल्या फेथनशी करतो, तिथे ‘मॅनेज’ हा शब्द नाम म्हणून येतो. मस्तवाल घोडे ताब्यात ठेवण्याची विद्या, हा त्याचा अर्थ. फ्रेंचमध्ये रिंगणातल्या घोडेस्वारीच्या शाळेला आजही ‘मानेज’च म्हणतात.

ही विद्या मी एकदा जवळून पाहिली आहे. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. सकाळी एक चाबूकस्वार (घोडे शिकवणाऱ्याला मराठीत हाच शब्द आहे) एका तीनेक वर्षांच्या शिंगराला रिंगणात फिरवत होता. शिंगरू मान वर ताणून लगाम चावत होतं. त्या माणसानं लगाम डाव्या हातात धरला होता आणि हात पोटाजवळ स्थिर होता. मी पंधरा-वीस मिनिटं त्या हाताकडेच बघत राहिलो. मनगट हलत नव्हतं. अनामिका तेवढी दुमडायची आणि सैल पडायची, ओला फडका हलकेच पिळावा तशी. दहाव्या-बाराव्या फेरीला शिंगराची मान कमानीसारखी खाली आली आणि त्यानं लगाम चावायचं सोडलं. तो उतरल्यावर मी विचारलं, तर म्हणाला, ‘बघणाऱ्याला हात दिसला म्हणजे शिकवण फसली.’ मॅनेज या शब्दाचा यापेक्षा नेमका अर्थ मला कुठल्या कोशात सापडलेला नाही. ताकद घोड्याची, दिशा स्वाराची, आणि मधला हात कुणाला दिसायचा नाही.

हाताचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. आपला ‘हस्त’ आणि लॅटिनचा ‘मानुस’ यांचं रक्ताचं नातं नाही, दोन्हींची मुळं वेगळी. पण डोकी कशी सारखी चालतात बघा. संस्कृतात सोंडेला हात मानलं, म्हणून तो ‘हस्ती’ झाला, आणि त्याचाच मराठीत हत्ती. ‘कर’ म्हणजे हात, म्हणून ‘करी’ म्हणजेही हत्तीच. आणि लॅटिनमध्ये? तिथेही सोंडेला ‘मानुस’च म्हणत. लुक्रेशियस या कवीनं तर हत्तीला ‘सापासारखा हात असलेला’ असं एका शब्दाचं विशेषण दिलं आहे. रोम आणि आपण, एकमेकांना न विचारता एकाच प्राण्याच्या एकाच अवयवाला हात म्हणून मोकळे झालो. अशा ठिकाणी मला व्युत्पत्तीचा खरा आनंद मिळतो.

असो, मॅनेजकडे येतो. काही पाठ्यपुस्तकं छातीठोकपणे लिहितात की मॅनेजमेंट हा शब्द फ्रेंच ‘मेनाज’वरून, म्हणजे घरसंसारावरून आला. हे अर्धसत्य आहे आणि अर्धसत्य पाठ करून घेणं मला खोट्यापेक्षा जास्त खटकतं, कारण ते खोडून काढायला दुप्पट श्रम पडतात. ‘मेनाज’चं मूळ ‘राहणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. ‘मॅन्शन’ त्याच घरातलं. हातापेक्षा तो निराळा. मात्र सतराव्या-अठराव्या शतकांत या फ्रेंच शब्दाची सावली इंग्रजी मॅनेजवर पडली आणि काटकसरीनं वापरणे, पुरवून वापरणे ही छटा त्यात शिरली. म्हणजे जन्म पागेत झाला आणि संसाराचं वळण नंतर लागलं. जन्मदाखल्यावर संसाराचं नाव घालणाऱ्यांनी नेपल्सची वाट एकदा तपासावी. माझं स्वतःचं मत असं, की ‘एवढ्या पगारात कसं मॅनेज करता?’ या प्रश्नातला मॅनेज ऐकताना कानाला जी घरगुती ऊब लागते ती या दुसऱ्या प्रवाहाची आहे. तिथे मराठीनं खरं तर ‘भागवता’ म्हणायला हवं. ‘कसं भागवता?’ यात महिनाअखेर आहे, वाण्याची उधारी आहे. ‘मॅनेज’मध्ये यातलं काही नाही.

आता पंचांकडे. चिटणिसांनी विचारलंय, माणूस विकत घेणे हा अर्थ इंग्रजीत आहे का. बरेच इंग्रजी शिक्षक ठामपणे ‘नाही, हे भारतीय इंग्रजी’ असं सांगतील. मला हे उत्तर पटत नाही. सरळ लाच देणे असा अर्थ इंग्रजी कोशात मिळणार नाही हे कबूल. पण माणसांना आतून वळवून हवं ते घडवून आणणे ही छटा या शब्दाला इंग्लंडातच लागली, आणि तीही राजकारणात. अठराव्या शतकाच्या अखेरीचा स्कॉटिश राजकारणी हेन्री डंडास घ्या. १७०७ मध्ये इंग्लंडशी एकीकरण झाल्यावर स्कॉटलंडला लंडनच्या कॉमन्स सभेत (संसदेच्या निवडून येणाऱ्या सभागृहात) ४५ जागा होत्या आणि मतदार जेमतेम काही हजार. डंडासनं यांतल्या बहुतेक जागा आपल्या मुठीत ठेवल्या. कुणाच्या मुलाला नोकरी, कुणाच्या पुतण्याला बढती, कुणाला निवृत्तिवेतन. इतिहासकार त्याला स्कॉटलंडचा ‘मॅनेजर’ म्हणतात. आणि वाटायला नोकऱ्या कुठल्या, तर बऱ्याच आपल्याकडच्या! १७८४ च्या कायद्यानं ईस्ट इंडिया कंपनीवर देखरेख ठेवणारं जे मंडळ आलं त्यात डंडास होता आणि १७९३ ते १८०१ त्याचा अध्यक्ष होता. स्कॉटलंडमधलं मत आणि कंपनीतली जागा यांची गाठ त्याच्या हातात होती. पुढे सरकारी पैशाच्या गैरव्यवहारावरून १८०६ मध्ये त्याच्यावर संसदेत महाभियोग चालला, त्यात तो सुटला. अशा महाभियोगात कॉमन्स सभेच्या वतीनं आरोप चालवणाऱ्या सभासदांनाही ‘मॅनेजर’च म्हणत. बंगालचा गव्हर्नर जनरल राहिलेल्या वॉरन हेस्टिंग्जवरचा असाच खटला १७८८ पासून १७९५ पर्यंत रेंगाळला, त्यात एडमंड बर्क असा मॅनेजर होता. एकाच शब्दानं मतं वळवणारा आणि आरोप चालवणारा, दोघांनाही हाक मारली जाई.

तेव्हा पंच मॅनेज झाले, यातला मॅनेज अगदीच अनौरस नाही. पण मराठीत तो इतका घट्ट का रुजला याचं माझं उत्तर निराळं आहे. त्याच्यासाठी जागा आधीपासून तयार होती. वर्तमानपत्रातलं वाक्य आठवा: ‘अधिकाऱ्यांना हाताशी धरून जमीन लाटली.’ हाताशी धरणे! हाच तो अर्थ, आणि यातही हातच. तो अधिकारी आपल्या पदावरच बसलेला असतो, सही त्याचीच असते, शिक्का त्याचाच असतो, फक्त लगाम दुसऱ्याच्या बोटांत. लाच देण्याला आपण ‘मूठ दाबणे’ म्हणतो. चांगल्या अर्थानं हाताळणे आणि हातोटी म्हणतो. लॅटिनचा हात इटलीतून इंग्लंडात आणि तिथून मराठीत आला, तर इथे त्याला आपलेच हात भेटले. ‘ऑर्गनाइज’ किंवा ‘ॲडमिनिस्टर’ यांचं आपण असं काही केलं नाही. ‘पंच ऑर्गनाइज झाले’ असं कुणी म्हणत नाही.

माझी तक्रार शब्दाच्या जन्माबद्दल नाही, त्याच्या पसरण्याबद्दल आहे. साक्षीदार फोडला, शिपायाला चहापाणी दिलं, साहेबाला खिशात घातलं, सासूला गोडीगुलाबीनं राजी केलं, सुट्टीचं जमवलं, पाहुण्यांचं निभावलं, या सगळ्यांना आता एकच ‘मॅनेज केलं’. फोडलेला साक्षीदार आणि राजी केलेली सासू यांना एका क्रियापदात बसवणं मला सहन होत नाही. त्यातही ‘मॅनेज झाले’ हे रूप तर फारच वाईट. ‘केले’मध्ये निदान कर्ता शोधता येतो. ‘झाले’ म्हटलं की पाऊस झाला, संध्याकाळ झाली, तसे पंच मॅनेज झाले. पैसे कुणी दिले, धाक कुणी घातला, की नात्यागोत्याची भीड पडली, यातलं काहीच उरत नाही. आरोप करणाराही सुटतो आणि ज्याच्यावर आरोप आहे तोही. आणि उलट टोकाला जाऊन कुणी ‘पंचांचे व्यवस्थापन करण्यात आले’ असं लिहील, तर तेही नको. व्यवस्थापन पाण्याच्या टाकीचं करा, तिकिटांचं करा.

कुस्तीच्या मैदानाला तर स्वतःचा शब्द आहे. दोन्ही पैलवानांनी आधीच ठरवून लढवलेली ती ‘नुरा कुस्ती’. पण तुमच्या प्रकरणात पैलवानांवर आरोप नाही, पंचांवर आहे, म्हणून तो शब्द इथे वापरू नका. त्यानं दोन निर्दोष पोरांच्या नावाला डाग लागेल.

इतिवृत्ताचं असं करा. सभासदाचे शब्द म्हणून लिहायचं असेल तर अवतरणचिन्हांत ‘मॅनेज’ ठेवायला हरकत नाही. तो जे बोलला ते बोलला. तुमच्या स्वतःच्या वाक्यात लिहायचं असेल तर मात्र आधी त्या सभासदांना विचारून घ्या, पंचांना कुणी आणि कशानं वळवलं असं तुमचं म्हणणं आहे? त्यांनी नाव घेतलं तर ‘तमुक यांनी पंचांना हाताशी धरल्याचा आरोप श्री. अमुक यांनी केला’ असं लिहा. पैशांचा उल्लेख केला तर ‘लाच’ लिहा. आणि यातलं काहीच सांगता येत नाही असं ते म्हणाले, तर ‘निकालाबद्दल श्री. अमुक यांनी नाराजी नोंदवली’ एवढंच लिहा आणि पुढच्या विषयाला क्रमांक द्या.