मागितलं, त्यात चुकलं काय?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, सहावीत. गेल्या आठवड्यात तिनं आम्हाला न विचारता माझ्या फोनवरून नातेवाइकांच्या ग्रुपवर निरोप टाकला, "माझ्या वाढदिवसाला कोणी ड्रेस, खेळणी आणू नका. सगळे मिळून मला कॉम्प्युटर द्या." माझा भाऊ नुसता हसला. नणंदेनं मात्र सासूबाईंना फोन करून विचारलं, "पोरीला मागायला कोण शिकवतं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मुलीला ग्रुपवर माफी मागायला लावली. तिनं मागितली, पण तेव्हापासून ती गप्प गप्प असते. माझं चुकलं का? आणि कॉम्प्युटरचं काय करू?

उत्तर : माफी मागायला लावलीत तिथे घाई झाली, असं मला वाटतं. तुमचा राग मला कळतो. चारचौघांत आपल्या संस्कारांवर बोट ठेवलं गेलं की आईचा जीव तुटतोच. पण त्या माफीतून मुलीला काय कळलं असेल, याचा जरा विचार करा. तिला एवढंच कळलं की तिला जे मनापासून हवं होतं, ते हवं असणंच वाईट.

मी तुमच्या मुलीएवढीच होते तेव्हा आमच्या शाळेत एकच संगणक होता. त्याच्यावर कापडाचं झाकण असायचं आणि खोलीबाहेर चपला काढून आत जावं लागायचं. सर आम्हाला लोगो नावाची, संगणकाला हुकूम द्यायची भाषा शिकवायचे. ही भाषा 1967 साली मुलांसाठीच तयार केली गेली, हे मला पुष्कळ नंतर समजलं. पडद्यावर एक छोटा त्रिकोण असायचा, त्याला कासव म्हणायचं. 'फॉरवर्ड 100' लिहिलं की ते पुढे सरकायचं, 'राइट 90' लिहिलं की उजवीकडे वळायचं. हेच चार वेळा केलं की चौकोन. माझ्या वाट्याला आठवड्यातून दहा मिनिटं यायची, तीही दोघींत मिळून. घरी आले की डोक्यात कासवच फिरत असायचं.

मी मामाला पत्र लिहिलं, "मला संगणक घेऊन दे." घरात हे कळल्यावर जे बोलणं झालं ते तुमच्या नणंदेच्या बोलण्याहून वेगळं नव्हतं. मी पांघरुणात तोंड घालून रडले. आठवड्यानं मामाचं उत्तर आलं. त्यानं लिहिलं होतं, "संगणक घेणं माझ्याच्यानं होणार नाही. पण तुझं कासव कसं चालतं ते मला कळव. मी इथे कासव होतो." मग मी चौकटीच्या वहीच्या पानावर हुकूम लिहून पाठवायचे, एवढं पुढे, एवढं वळ. तो पेन्सिलीनं तसंच्या तसं रेघा ओढून पान परत पाठवायचा. माझा हुकूम चुकला असेल तर चित्रही चुकलेलंच यायचं. तो आपल्या मनानं दुरुस्त करायचा नाही. एकदा घर काढायला सांगितलं होतं, तर छप्पर भिंतीच्या आत पडलेलं आलं. ते पान हातात धरून मी तासभर बसले, आणि वळायचा कोन आपण आतला धरला होता, बाहेरचा धरायला हवा होता, हे त्या दिवशी माझं मला उमगलं. पुढे मी वीस वर्षं मुलांना संगणक शिकवला. त्याचा पाया त्या पानावर पडला.

हे एवढं लांबण लावलं ते एका कारणासाठी. मामानं मला 'नाही' म्हटलं आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते मागणं म्हणजे हावरटपणा, असं घरातून ऐकल्याचं. हक्काच्या माणसाकडे मागावं आणि त्यालाही मोकळेपणानं नाही म्हणता यावं. आत्या, मामा, काका ही नाती त्यासाठीच असतात, असं मी अजूनही मानते.

आता मुलीचं चुकलं ते. दोनच गोष्टी, आणि त्या तिला नेमक्या सांगा. एक, न विचारता आईचा फोन वापरला. दोन, सगळ्यांना एकदम आणि सगळ्यांसमोर मागितलं. ग्रुपवर मागितलं की ज्याला जमत नाही तोही पेचात पडतो. एक जण 'हो' म्हणाला की दुसऱ्याची पंचाईत. कोणाच्या घरी हप्ते चालू असतात, कोणाचं आजारपण असतं, ते काही ग्रुपवर लिहीत नाहीत. तिला म्हणा, "तुला कॉम्प्युटर हवाय यात काही चुकलं नाही. मागायची रीत चुकली. आणि मी तुला सगळ्यांपुढे माफी मागायला लावली, तेही चुकलं." शेवटचं वाक्य गाळू नका. गप्प झालेलं मूल त्या वाक्याची वाट बघत असतं.

नणंदेला तुम्ही स्वतः फोन करा. खुलासे देत बसू नका. "तिनं असं मागायला नको होतं, मी तिला समजावलंय. तुमच्यावर कसलंही ओझं नाही," एवढं पुरे.

मग वही घेऊन मुलीजवळ बसा आणि विचारा, "कॉम्प्युटर आला की पहिल्या दिवशी काय करशील?" उत्तर काहीही असो, मान हलवून लिहून घ्या. चित्रं काढायची असतील, गोष्ट टाइप करायची असेल, गेम बनवायचा असेल. बरीच मुलं 'सगळंच' म्हणतात, तेव्हा धीर धरून पुन्हा विचारा. ओळखीच्या कोणाकडे, शाळेत किंवा ग्रंथालयात संगणक असेल तर दोन-तीन आठवडे तिला त्यावर बसू द्या. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबनं 2007 साली मुलांसाठी आणलेली स्क्रॅच ही भाषा फुकट आहे. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवत प्रोग्रॅम करायचा. आठ ते सोळा वयाची मुलं डोळ्यांसमोर ठेवून ती बनवली आहे आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवायही चालते. दोन-तीन आठवड्यांनीही ओढ तशीच राहिली, तर नातेवाइकांशी बोलायला तुम्हाला काही हातात असेल.

चौघांनी मिळून घ्यायचं ठरलं तर कोणी किती दिले ते फक्त एकाच मोठ्या माणसाला माहीत असू द्या. मुलीला आकडा सांगू नका, तिनं आभार मात्र प्रत्येकाचे वेगवेगळे मानावेत. आणि ही गोष्ट आधीच सगळ्यांना स्पष्ट सांगा, मग कोणाला कडक वाटलं तरी चालेल : दिलेल्या वस्तूच्या नावावर पुढे कोणी मुलीकडून हिशेब मागायचा नाही. "आम्ही एवढा कॉम्प्युटर दिला आणि गणितात एवढेच मार्क?" हे वाक्य मी इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलंय की एखाद्या घरात भेट येण्याआधीच मला त्याची धास्ती वाटते. अशा मुलांना ती वस्तू नकोशी होते. वापराचे नियम आई-वडिलांनी ठरवावेत. यंत्र बैठकीच्या खोलीत ठेवा, झोपायच्या तासभर आधी बंद करा, आणि दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब कुठेतरी बघायची सवय तिला लावा.

प्रश्न : बहिणीचा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्यानं मला कॉम्प्युटर मागितला. नवीन देण्याची माझी सध्या ऐपत नाही. माझा दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप कपाटात पडून आहे. तो दिला तर बहिणीला वाटेल का की अडगळ आमच्या गळ्यात मारली?

उत्तर : नीट तयार करून दिलात तर कोणालाही तसं वाटणार नाही. कपाटातून काढून तसाच पिशवीत घालून दिलात, तर नक्की वाटेल.

आधी बॅटरी बघा. लॅपटॉप टेबलावर ठेवल्यावर डुगडुगत असेल, टचपॅड वर आलेला असेल किंवा झाकण नीट बसत नसेल तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर चालू करू नका, चार्जिंगला लावू नका, दाबून बघू नका. दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्या.

त्याच्यात विंडोज 10 असेल तर तिला कंपनीकडून नेहमी मिळणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपल्या. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (यंत्रातली सुरक्षेची एक सोय) आणि तुलनेनं नवीन प्रोसेसर लागतो, तेव्हा दहा वर्षांच्या यंत्रावर ती रीतसर चढणार नाही असं धरून चाला. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली टाका. ती मोफत आहे, जुन्या यंत्रांवर चांगली चालते आणि दिसायलाही विंडोजसारखीच असल्यानं मुलं दोन दिवसांत सरावतात. आत फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा. माझ्या अनुभवात जुन्या यंत्राला याच्याइतका फरक दुसऱ्या कशानं पडत नाही. सुरू व्हायला चार मिनिटं घेणारं यंत्र अर्ध्या मिनिटात उघडतं. रॅम (यंत्राची काम करतानाची स्मृती) चार जीबी असेल आणि वाढवता येत असेल तर आठ करा.

स्वतःच्या फाइल काढल्या म्हणजे त्या पुसल्या गेल्या, असं समजू नका. डिलीट केलेलं परत मिळवता येतं. त्यावरच्या तुमच्या सगळ्या खात्यांतून बाहेर पडा (लॉग आउट करा) आणि जुनी डिस्क बदलणार असाल तर ती स्वतःजवळ ठेवा.

मग एका संध्याकाळी मऊ ब्रश घेऊन किबोर्ड साफ करा. बटणांच्या फटीत दहा वर्षांची धूळ, केस, चुरा असतो. तो निघाला की यंत्र हाताला वेगळंच लागतं. जमलं तर बटणांवर इनस्क्रिप्टची, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या किबोर्ड-मांडणीची, मराठी अक्षरं चिकटवा. त्या मांडणीत मात्रा डाव्या हाताला येतात आणि व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. 'के' दाबलं की क, शिफ्टसह ख. तेराव्या वर्षी बोटांना वळण पटकन लागतं.

आणि देताना त्याला सरळ सांगा, "हा माझा जुना आहे. ह्यात अमुक नवीन घातलंय. खेळायचे मोठे गेम ह्यावर चालणार नाहीत." त्या वयाच्या मुलाला नंतर मित्रांसमोर कळलं तर जास्त लागतं. पहिल्या दोन रविवारी तासभर त्याच्याजवळ बसा. नव्या यंत्राबरोबर हा तास कुठल्याही दुकानात मिळत नाही, तो तुम्हीच देऊ शकता.

प्रश्न : मी दहा वर्षांचा आहे. मला काकांना कॉम्प्युटर मागायचा आहे. ताई (माझी बहीण) म्हणते, अभ्यासासाठी हवा असं लिही, म्हणजे ते देतील. पण मला गेम बनवायचा आहे. मी काय लिहू?

उत्तर : गेम बनवायचा आहे, असंच लिही. अभ्यासासाठी म्हणून मागितलास तर काका येतील तेव्हा तुला अभ्यासाचंच काहीतरी उघडून बसावं लागेल आणि गेम लपवावा लागेल. पत्र लिहिण्याआधी आई-बाबांना सांग. पत्राच्या शेवटी हेही लिही की, काका, जमत नसेल तर नाही म्हणा, मी रुसणार नाही. आणि मग खरंच रुसू नकोस.

पत्रासोबत तुझ्या गेमचं चित्र काढून पाठव. खेळाडू कुठून निघतो, कुठे अडतो, काय गोळा करतो, हरला की काय होतं, सगळं बाण काढून दाखव. त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेव. काका काहीही म्हणाले तरी शाळेतल्या कॉम्प्युटरवर तुला सुरुवात करता येईल. स्क्रॅच उघडलं की पडद्यावर एक मांजर उभं असतं. पहिल्या दिवशी त्याला चालायला लाव आणि भिंतीला धडकलं की परत फिरायला शिकव. मग मला कळव, पुढचं सांगते.